सेवासदनाच्या रमाबाई

देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी इ. स. १८६२ च्या जानेवारी महिन्यात एक कन्या जन्मास आली. माहेरी तिला यमुना म्हणत. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात मोडते. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हेही पुढे १९१३ मध्ये याच गावी जन्मले. यमुना लहान असताना गावातल्या मुलींना पाटीपुस्तक ठाऊक नव्हते. मुलीने अक्षर गिरवले तर तिच्या नशिबी वैधव्य येते, अशी वेडगळ समजूत भल्या घरांतूनही नांदत होती. मुलींच्या वाट्यास जे शिक्षण येई ते कानांनी मिळणारे असे. जात्यावरच्या ओव्या, सणावारांच्या कहाण्या, पुराणातल्या सतींच्या कथा यांवर त्यांचे मन पोसले जाई. लवकरात लवकर लग्न होऊन सासरी जाणे आणि तेथे खाली मान घालून नांदणे, हाच त्यांच्या आयुष्याचा ठरलेला मार्ग होता.

यमुनेच्या आयुष्यालाही आरंभी हेच वळण लागले. १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि ती रमाबाई झाली. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते. सरकारी न्यायखात्यातील मोठ्या हुद्द्यावर ते होते, आणि विद्वान म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झालेले होते. त्यांची प्रथम पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींत माधवराव अग्रभागी असल्यामुळे ते आता एखाद्या विधवेशीच विवाह करतील, अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा होती. वडिलांना तीच भीती वाटत होती. त्यांनी घाईने कुमारिकेचे स्थळ ठरवले आणि वडिलांचा शब्द माधवरावांना मोडवला नाही. या गोष्टीबद्दल त्यांना जन्मभर बोल लागला, आणि तो अन्यायाचा होता असे म्हणता येणार नाही. मनाविरुद्ध झालेल्या या विवाहातून त्यांनी एक निश्चय मात्र केला. जी अजाण मुलगी पत्नी म्हणून घरात आली, तिला शिकवून शहाणी करावयाचे.

विवाहानंतर लागलीच पाटी आणि पेन्सिल आली. दिवसभर माधवराव कचेरीत आणि सार्वजनिक कामात गुंतलेले असत. त्यामुळे शिकवणी रात्री चाले. मुळाक्षरे, बाराखडी, मग मराठी पुस्तके, असा क्रम सुरू झाला. मुलीची बुद्धी तीक्ष्ण होती आणि चिकाटी त्याहून अधिक होती. मराठी वाचन येऊ लागल्यावर इंग्रजीचा आरंभ झाला, आणि काही काळाने मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज शिक्षिका शिकवू लागल्या.

रमाबाईंची खरी परीक्षा पुस्तकात नव्हती, ती माजघरात होती. रानड्यांचे कुटुंब मोठे होते. सासूबाई, नणंद, आश्रयास राहिलेल्या वडीलधाऱ्या बायका, असा मोठा गोतावळा घरात नांदत होता. पुरुष काय सुधारणा करतील त्या ओसरीवर, स्वयंपाकघरात आमचे राज्य, असा या बायकांचा खाक्या होता. माधवरावांना उलट बोलण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून सगळा रोष या लहान सुनेवर पडे. ती वाचू लागली की टोमणे सुरू होत. दोन शब्द इंग्रजी बोलली की हसे होई. परधर्मी बाईजवळ बसून शिकते म्हणून धडा आटोपल्यावर स्नान केल्यावाचून तिला इतरांस शिवता येत नसे. कधी कधी दिवसचे दिवस तिच्याशी कोणी मोकळेपणी बोलत नसे. त्या बायका स्वभावाने दुष्ट होत्या असे मात्र नव्हे. ज्या चालीरीतींवर त्यांचे सारे आयुष्य उभे होते, त्या चालीरीती डोळ्यांदेखत मोडत असलेल्या त्यांना दिसत होत्या. घरातील काही बायका स्वतः विधवा होत्या. नव्या सुनेला नवरा शिकवतो आहे, हे पाहताना त्यांच्या मनास काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

एकीकडे पतीची इच्छा, दुसरीकडे घरातील थोरांची मर्जी, अशा कात्रीत रमाबाईंनी कित्येक वर्षे काढली. आपल्याला होणारा जाच त्या पतीच्या कानी घालीत नसत. माधवराव रागावले तर ओरडत नसत, ते बोलेनासे होत, आणि ते मौन रमाबाईंना सर्व टोमण्यांपेक्षा जड जाई. म्हणून अभ्यास चुकवायचा नाही आणि घरातल्या कोणाला उलट उत्तर द्यायचे नाही, असे दोन नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले. पुढे पुण्यातील शेकडो घरांतल्या हट्टी सासवांना आणि भेदरलेल्या सुनांना त्यांनी जे वळवले, त्याचे शिक्षण त्यांना आपल्याच माजघरात मिळाले होते.

१८७८ मध्ये माधवरावांची बदली नाशिकला झाली. तेथे घरातील गोतावळा कमी होता आणि रमाबाईंना थोडा मोकळा श्वास घेता आला. लोकहितवादी गोपाळराव देशमुख हेही त्या सुमारास नाशिकला न्यायाधीश होते. दोन्ही घरांचा स्नेह जडला. नाशिक येथेच शाळेच्या एका समारंभात रमाबाई प्रथम जाहीरपणे बोलल्या. भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. ते पाठ करून चारचौघांत म्हणणे ही आज सातवीतल्या मुलीला साधी गोष्ट वाटेल, परंतु त्या काळी कुलीन घरातील सुनेने पुरुषांच्या देखत उभे राहणे हेच नवल होते.

पुण्यास परत आल्यावर १८८२ मध्ये पंडिता रमाबाई शहरात आल्या. संस्कृतात पारंगत असलेली, सभेत निर्भयपणे बोलणारी ही तरुण स्त्री पाहून सारे पुणे चकित झाले. त्यांच्या प्रेरणेने आर्य महिला समाज स्थापन झाला आणि त्याच्या सभांना रमाबाई रानडे नेमाने जाऊ लागल्या. एक बाई व्याख्यान देते आणि बाकीच्या बायका ते ऐकतात, हे दृश्य पुण्याने त्यापूर्वी पाहिले नव्हते. सभेहून घरी परतल्यावर रमाबाईंच्या वाट्यास काय येत असेल, हे सांगावयास नको.

त्याच सुमारास मुलींसाठी हायस्कूल काढावे अशी चळवळ पुण्यात सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर स्त्रियांच्या वतीने एक इंग्रजी मागणीपत्र वाचावयाचे होते. ते वाचण्याचे काम रमाबाईंवर आले. देवराष्ट्र्याच्या ज्या मुलीला विवाहापूर्वी एक अक्षर येत नव्हते, तिने भर सभेत इंग्रजीत मुलींच्या शिक्षणाची मागणी केली. सभेत तिचे कौतुक झाले आणि घरी तिची कडक कानउघाडणी झाली. १८८४ मध्ये पुण्यास मुलींचे हायस्कूल निघाले. हुजूरपागा या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे.

माधवरावांच्या सहवासात शिकण्याला शेवट असा नव्हता. १८८६ मध्ये सरकारने नेमलेल्या एका समितीवर काम करण्यासाठी त्यांना कलकत्त्यास राहावे लागले. तेथे बंगाली वर्तमानपत्र दारी येई, आणि ते आपल्याला वाचता येत नाही याची माधवरावांना चुटपुट लागली. त्यांनी बंगाली पुस्तके आणली आणि एवढ्या मोठ्या वयात, एवढ्या मोठ्या हुद्द्यावर असताना, मुळाक्षरांपासून आरंभ केला. एके दिवशी ते कोणाशी तरी मोठ्याने वाचून शब्दांचे अर्थ विचारीत आहेत असे रमाबाईंच्या कानी आले. कोणी विद्वान गृहस्थ भेटीस आले असावेत असे त्यांना वाटले. डोकावून पाहतात तो काय, माधवराव दाढी करवून घेत होते आणि हातात पुस्तक धरून न्हाव्यालाच अर्थ विचारीत होते! रमाबाईंना हसू आवरेना. परंतु याच रीतीने दोघेही थोड्या अवधीत बंगाली वाचू लागली. ज्याला जे येते ते त्याच्याकडून घ्यावे, त्यात लहानमोठे पाहू नये, हा संस्कार त्यांच्या मनावर असा घडला.

१८९३ मध्ये माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे स्त्रियांना एकत्र आणण्यासाठी रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचे एक मंडळ काढले. भाषा शिकावी, शिवणटिपण शिकावे, आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी हे समजून घ्यावे, चार गोष्टी बोलाव्या, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्या मोठ्या कार्याचे बी येथे रुजले. आता त्या पूर्वीच्या भेदरलेल्या सूनबाई राहिल्या नव्हत्या, तरी अजून त्या पतीच्या छायेतच काम करीत होत्या.

ती छाया १६ जानेवारी १९०१ रोजी नाहीशी झाली. न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले, तेव्हा रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षात होत्या. त्या मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या. विधवेने वर्षभर घराबाहेर पाऊल टाकू नये, अशी त्या काळची रूढी होती. रमाबाई घरातच राहिल्या. बाहेरच्या जगाला वाटले, आता यांचे सार्वजनिक जीवन आटोपले. ज्यांनी तीस वर्षे सुधारणेला विरोध केला होता त्यांना तर हा दैवाचाच कौल वाटला असेल. रमाबाईंनी त्या काळात पतीची धर्मपर व्याख्याने एकत्र करण्याचे काम अंगावर घेतले. पुढे १९१० मध्ये त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रीने लिहिलेल्या आत्मकथनांत त्याचे स्थान फार वरचे आहे. त्यात पतीचे नाव न घेण्याच्या जुन्या रीतीस अनुसरून त्यांनी माधवरावांचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने केला आहे. आणि आठवणी पतीच्या निधनापाशी थांबतात. जणू त्यानंतर सांगण्याजोगे काही घडलेच नाही!

वास्तविक पुष्कळ घडले, आणि ते सर्वस्वी त्यांचे स्वतःचे होते.

प्रथम त्या येरवड्याच्या तुरुंगात जाऊ लागल्या. तेथील स्त्री-कैद्यांशी बोलावे, त्यांना धीर द्यावा, त्यांच्या मनातील स्वत्व जागे करावे, यासाठी त्या नेमाने जात. सुधारशाळेत ठेवलेल्या मुलांसाठी सणासुदीला खाऊ घेऊन जात. रुग्णालयांत फळे, फुले आणि पुस्तके नेऊन देत. यांपैकी एकाही कामाचा त्यांना मोबदला नव्हता, की कोणत्या संस्थेचे पाठबळ नव्हते. या भेटींतून त्यांना एक गोष्ट कळून चुकली. दुःख निवारण्यास दयाळू मन पुरत नाही, त्यास शिक्षण लागते. तापाने फणफणलेल्या रुग्णाजवळ बसून अश्रू ढाळणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, परंतु ताप कसा पाहावा हे जाणणारी बाई विरळा होती. आणि घरोघरी, कोपऱ्यात, कामाच्या रगाड्यात पिचलेल्या, कोणालाच नको असलेल्या तरुण विधवा तर असंख्य होत्या. शुश्रूषेला माणसे हवी होती आणि या माणसांना जगण्यास काही आधार हवा होता. या दोन गरजा एकमेकींशी जोडाव्या कशा, हाच प्रश्न होता.

१९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद रमाबाईंनी भूषविले. त्यानंतर चार वर्षांनी, १९०८ मध्ये, बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल या दोन गृहस्थांनी मुंबईस सेवासदन ही संस्था स्थापन केली. एक पारशी पत्रकार, दुसरे सिंधी न्यायाधीश. स्त्रियांनी धर्म आणि जात न पाहता सेवेस वाहून घ्यावे आणि त्यासाठी लागणारे शिक्षण त्यांना मिळावे, हा संस्थेचा हेतू होता. अध्यक्ष म्हणून त्यांनी रमाबाईंकडे धाव घेतली, आणि रमाबाईंनी ते पद मान्य केले. परंतु त्यांचे मन पुण्याकडे ओढत होते. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदनाची स्थापना झाली. संस्थेला स्वतःची जागा नव्हती, म्हणून रमाबाईंच्या घरीच वर्ग भरू लागले. ज्या घराण्यात पाटी-पेन्सिलीवरून एवढे रामायण झाले, त्याच घराण्याच्या वाड्यात आता बायका धडे गिरवू लागल्या.

या कामात रमाबाईंना गोपाळ कृष्ण देवधर यांची जोड मिळाली. देवधर हे नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य होते, आणि गोखले हे न्यायमूर्ती रानडे यांचे शिष्य होते. देवधरांनी चिटणीसपद मानद म्हणून सांभाळले. हिशेब, पत्रव्यवहार, देणग्या मिळवणे, सरकारदरबारी खेपा घालणे ही कामे ते पाहात. घरोघरी जाऊन मुली आणि सुना आणणे हे काम मात्र रमाबाईंखेरीज कोणाला साधणारे नव्हते.

सेवासदनाची रीत साधी होती. प्रौढ बायकांचे वर्ग दुपारी भरत, कारण दुपारचे जेवण आटोपल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होईपर्यंतचा वेळ काय तो त्यांचा असे. लिहिणे-वाचणे, शिवण, हस्तव्यवसाय, गायन यांपासून आरंभ होई. अनेक शिक्षक आणि शिक्षिका वेतन न घेता शिकवीत. पुढे प्राथमिक शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापिका विद्यालय निघाले. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थिनींसाठी वसतिगृह उघडले. शिकून तयार झालेली बाई आपल्या गावी मास्तरीण म्हणून जाई, आणि काल जिला घरचे भार समजत होते तिच्या पगारावर आज घर चालू लागे. या व्यवहाराने जेवढे मतपरिवर्तन झाले तेवढे शंभर व्याख्यानांनी झाले नसते.

परिचारिकांच्या शिक्षणाची वाट मात्र फार बिकट निघाली. परक्याच्या अंगास हात लावणे, रक्त आणि मळमूत्र साफ करणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला पाणी पाजणे, ही कामे पांढरपेशा समाजास विटाळाची आणि हलकी वाटत. घरची विधवा उपाशी राहिली तरी चालेल, पण इस्पितळात जाता कामा नये, असे म्हणणारी माणसे पावलोपावली भेटत. रमाबाई त्यांच्याशी वाद घालीत नसत. त्या त्यांच्या घरी जात, सासूबाईंजवळ पाटावर बसत, मुलाबाळांची चौकशी करीत, आणि बोलण्याच्या ओघात विचारीत की घरात बाळंतपण अडते तेव्हा तुम्ही कोणाला बोलावता, आणि ती आली नाही तर काय करता. हळूहळू दोन, मग चार विद्यार्थिनी मिळाल्या. ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. मुलींच्या राहण्याजेवणाची आणि त्यांच्यावरील देखरेखीची हमी सेवासदनाने घेतली, तेव्हा कोठे पालकांचा जीव भांड्यात पडला. सुशिक्षित घरांतील मुली आज सहजपणे हा व्यवसाय पत्करतात. त्याची पायवाट महाराष्ट्रात ज्यांनी तयार केली त्यांत या पहिल्या विद्यार्थिनींची गणना केली पाहिजे.

संस्थेच्या वार्षिक बक्षीस-समारंभातील एक प्रसंग पुण्यात पुष्कळ दिवस लोकांच्या लक्षात राहिला. सभागृह भरलेले होते आणि त्यात कॉलेजातील विद्यार्थीही पुष्कळ होते. बक्षीस घेण्यासाठी एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिने तांबडे आलवण नेसले होते आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला होता. ती दिसताच कॉलेजातील तरुणांनी हुर्यो उडवली. ती बाई खाली मान घालून, थरथरत्या हातांनी बक्षीस घेऊन गेली. रमाबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. समारोपाचे भाषण करावयास उभ्या राहिल्या तेव्हा मात्र त्यांचा नेहमीचा मृदू आवाज पालटला होता. कॉलेजात जाऊन ज्यांना एवढे कळत नाही त्यांना शिकलेले कसे म्हणावे, असे त्यांनी त्या तरुणांना विचारले. तुमच्यापैकी ज्याच्या घरात विधवा बहीण, चुलती, आत्या किंवा आई नाही असा कोणी असेल काय, असेही विचारले. ती तुमच्या घरातली कोणी असती तर तुम्ही हसला असता काय, हे त्यांनी त्यांनाच ठरवू दिले. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. ज्यांनी हुर्यो उडवली होती त्यांच्या माना खाली गेल्या. आयुष्यभर कोणाला टाकून न बोललेल्या बाईंनी उच्चारलेले ते कठोर शब्द होते, म्हणून ते एवढे खोल गेले.

एरवी त्यांची वागणूक एवढी नेमस्त असे की ती पुष्कळांना पसंत नव्हती. उतावीळ सुधारकांना वाटे, या फार हळू चालतात. त्या हळदीकुंकू सोडीत नाहीत, कीर्तन-पुराण सोडीत नाहीत, जुन्या बायकांच्या कलाने घेतात. जुन्या मताच्या मंडळींना वाटे, या गोड बोलून आमच्या लेकीसुना बिघडवतात. रमाबाईंनी दोन्ही बाजूंचे ऐकून घेतले आणि चाल बदलली नाही. त्यांच्या सावधपणाला मर्यादा होत्या हे खरे. परंतु ज्या घराचे दार धक्का देऊन उघडले असते तर आतून कायमची कडी बसली असती, त्या घरात त्यांनाच प्रवेश मिळत होता, हेही तेवढेच खरे आहे.

आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रांना त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीस जात. गर्दीत चुकामूक झालेल्या म्हाताऱ्या, कडेवर मूल घेऊन आलेल्या लेकुरवाळ्या, उन्हाने आणि उपासाने घेरी येऊन पडलेल्या बायका, या सर्वांना या स्वयंसेविका मदत करीत. शहरातल्या पांढरपेशा मुली आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या वारकरी बायका यांची अशी गाठ पूर्वी कधी पडली नव्हती. इंद्रायणीच्या काठी आजाऱ्याला पाणी पाजताना जातीचा विचार कोणी करीत बसत नसे. सेवासदनाचा खरा धडा मुलींना तेथे मिळे. १९१३ मध्ये गुजरात आणि काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई मदतीच्या कामासाठी तिकडेही गेल्या. त्यांनी तेव्हा वयाची पन्नाशी ओलांडलेली होती.

१९२० च्या सुमारास पुण्याच्या नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा आहे, म्हणून सक्ती आधी मुलांपुरती करावी, मुलींचे पुढे पाहू, असा विचार बळावला. रमाबाईंना हे मानवले नाही. गव्हर्नरासमोर मुलींच्या शाळेची मागणी केल्यास त्या वेळी छत्तीस-सदतीस वर्षे उलटली होती, आणि मुलींचे पुढे पाहू हे शब्द त्या तेव्हापासून ऐकत आल्या होत्या. त्यांनी स्त्रियांच्या सभा घेतल्या. पुण्यातील स्त्रिया मिरवणुकीने रस्त्यावर आल्या. ज्या शहरात एका सुनेने सभेला जाणे हा अपराध ठरत होता, त्याच शहराच्या भर रस्त्यातून शेकडो बायका आपल्या मुलींच्या शाळेसाठी चालत गेल्या. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा या मागणीलाही रमाबाईंनी आपला पाठिंबा दिला. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना कायदेमंडळासाठी मत देण्याचा अधिकार १९२१ मध्ये मिळाला. मालमत्तेच्या अटीमुळे तो थोड्याच जणींच्या हाती आला.

शेवटच्या वर्षांतही संस्थेतील त्यांची फेरी चुकत नसे. वसतिगृहात कोणी आजारी असेल तर तिच्या उशाशी बसावे, नवी आलेली मुलगी घरच्या आठवणीने रडत असेल तर तिला जवळ घ्यावे, कोठीत धान्य किती आहे ते स्वतः पाहावे, अशी त्यांची रीत होती. पोटी मूल नसलेल्या या बाईंना एवढ्या मुलींचे आईपण आपोआप आले. १९२४ मध्ये त्यांचे पुण्यास निधन झाले. महात्मा गांधींनी आपल्या पत्रातून त्यांच्याविषयी आदराने लिहिले. त्यांच्या मृत्यूच्या वेळी सेवासदनात तयार झालेल्या शिक्षिका आणि परिचारिका महाराष्ट्रातील कितीतरी गावी काम करीत होत्या.

सोलापूर, नागपूर इत्यादी ठिकाणीही सेवासदने उभी राहिली. पुण्यातील संस्था लक्ष्मी रस्त्यावरील आपल्या इमारतीत वाढत गेली. १९६२ साली रमाबाईंच्या जन्मास शंभर वर्षे झाली. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.